५७ टक्के मिळाले, तरी नापास कसं? बीडीएसला पुढच्या वर्गात जाण्याचे नियम

निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी खानापूर तालुक्यातले एक गृहस्थ सकाळीच माझ्या दारात आले. हायस्कुलात मी गणित शिकवलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण मार्क्सकार्ड घेऊन लोक अजून येतात. या गृहस्थांची मुलगी बीडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकीच्या पदवीच्या, पहिल्या वर्षाला आहे. मराठी शाळेतून एसएसएलसी (दहावी), मग बेळगावात इंग्रजीतून पीयूसी (अकरावी-बारावी) आणि नीट ही प्रवेश परीक्षा देऊन सीट. घरातली पहिलीच मुलगी एवढ्या शिक्षणाला गेलेली. त्यांनी मोबाईलवरचा निकाल पुढे धरला. "सर, अ‍ॅनाटॉमीला दोनशेपैकी एकशे पंधरा आहेत की. साडेसत्तावन्न टक्के झाले. मग नापास कशाला म्हणतात?"

अ‍ॅनाटॉमी म्हणजे शरीररचनेचा विषय. प्रश्न अगदी रास्त होता. आपल्या डोक्यात पासाचं गणित एसएसएलसीचं असतं, आणि बीडीएसचं गणित वेगळं आहे. ते आधी कुणी समजावून सांगत नाही. कॉलेजची पुस्तिका इंग्रजीत, सरकारी पत्र आलं तर कन्नडमध्ये, आणि घरी वाचणारे मराठी. माझी भाची याच वाटेनं गेली. तिच्या पहिल्या वर्षात आमच्या घरानं सहा महिने जे भोगलं, त्यातलं निम्मं केवळ नियम माहीत नसल्यामुळे होतं. म्हणून हे सगळं सावकाश लिहितो.

नियम करतं कोण?

दंतवैद्यकीच्या शिक्षणाचे मूळ नियम देशभर एकच आहेत. १९४८च्या कायद्यानं भारतीय दंत परिषद स्थापन झाली. सगळे तिला डीसीआय म्हणतात, मीही तेच म्हणेन. डीसीआयनं २००७ साली बीडीएसची सुधारित नियमावली काढली आणि पुढे तिच्यात दुरुस्त्या केल्या. चार वर्षं शिक्षण, दरवर्षी २४० दिवस अध्यापन आणि शेवटी एक वर्ष इंटर्नशिप हा आजचा साचा तिथला आहे.

परीक्षा मात्र विद्यापीठ घेतं, आणि आपल्या सीमाभागात गोंधळ इथंच सुरू होतो. बेळगाव शहरातच बघा. मराठा मंडळाचं डेंटल कॉलेज बेंगळूरच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेलं आहे. केएलईचं डेंटल कॉलेज केएलईच्याच अभिमत विद्यापीठात येतं. निपाणीच्या मुलाला कोल्हापूर जवळ पडतं, तिकडं गेला तर परीक्षा नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. गोव्यात बांबोळीला गेला तर गोवा विद्यापीठाची. चुलत भावंडं चार ठिकाणी शिकत असतील तर चौघांच्या परीक्षेच्या तारखा, निकालाचे दिवस आणि फेरतपासणीची पद्धत वेगवेगळी असू शकते. पासाची मूळ चौकट मात्र चौघांना एकच लागू होते. शेजाऱ्याच्या मुलाला सवलत मिळाली म्हणून आपल्यालाही मिळेल, असं धरून चालू नका. आपल्या विद्यापीठाचं परिपत्रक मागून घ्या.

फॅट आणि एसएनएफ

आता त्या साडेसत्तावन्न टक्क्यांकडे येतो. गृहस्थांच्या दारात गायी आहेत, रोज डेअरीला दूध जातं. तिथं दुधातली फॅट, म्हणजे स्निग्धांश, आणि एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश सोडून बाकीचा घन भाग, मोजतात. मी त्यांना विचारलं, "तुमच्या दुधाला फॅट साडेचार लागली आणि एसएनएफ साडेसातच आलं, तर डेअरीवाला काय म्हणतो?" ते म्हणाले, "पाणी घातलंय म्हणतो. घेत नाही." फॅट चढली म्हणून एसएनएफची कमतरता भरून निघत नाही. दोन्ही आकडे वेगवेगळे बघतात.

बीडीएसच्या विषयाचंही तसंच आहे. विषय २०० गुणांचा, पण तो दोन भांड्यांत मोजतात. एक भांडं थिअरीचं, १०० गुणांचं. त्यात लेखी पेपर ७०, तोंडी परीक्षा २० आणि वर्षभरातल्या अंतर्गत परीक्षांचे १०. दुसरं भांडं प्रॅक्टिकलचं, तेही १०० गुणांचं. त्यात विद्यापीठाची प्रॅक्टिकल परीक्षा ९० आणि अंतर्गत १०. पास व्हायला प्रत्येक भांड्यात वेगळे ५० लागतात.

या मुलीला लेखीत २७, तोंडीत १० आणि अंतर्गत ६ मिळाले होते. थिअरीची बेरीज ४३. प्रॅक्टिकलला ७२, म्हणजे चांगलेच. दोन्ही मिळून ११५ होतात, पण थिअरीचं भांडं सात गुणांनी अपुरं राहिलं. प्रॅक्टिकलमधले जादाचे २२ गुण इकडे ओतता येत नाहीत.

दुसऱ्या वर्षात दोन विषय जरा निराळे आहेत. दाताची पोकळी भरण्याचा आणि कवळी करण्याचा सराव तिथं आधी नमुन्यावर करून घेतात. त्या दोन विषयांना लेखी पेपर नसतो, १०० पैकी ५० मिळाले की झालं. बाकी सगळीकडे दोन भांडी.

तोंडीचे २० गुण कुणीकडे जातात?

यावर मी मुद्दाम जास्त लिहितो आहे, कारण मराठी शाळेतून गेलेल्या मुलांचं नुकसान मी इथंच होताना पाहिलं. तोंडी परीक्षा घेतात प्रॅक्टिकलच्या दिवसांत, म्हणून मुलांना वाटतं तिचे गुण प्रॅक्टिकलमध्ये धरले जातात. नियमावलीप्रमाणे ते थिअरीत जातात. लेखी पेपर काठावरचा असेल तर त्याला वर ओढणारे किंवा खाली ढकलणारे हेच २० गुण.

माझ्या भाचीला हाडाची प्रत्येक खाच पाठ होती. घरी मला मराठीत सांगायची, "मामा, खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला हे भोक आहे ना, इथून नस आत शिरते आणि पुढे हनुवटीजवळ दुसऱ्या भोकातून बाहेर येते." शंभर टक्के बरोबर. तेच बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर इंग्रजीत सांगायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटायची. परीक्षकाला तिच्या मनातलं कळणार कसं? तिच्या एका सीनियर मुलीनं साधा उपाय सांगितला. रोज रात्री एक हाड हातात घ्यायचं, उभं राहायचं आणि पाच मिनिटं मोठ्यानं इंग्रजीत वर्णन करायचं. चुकलं तरी थांबायचं नाही. पुढच्या परीक्षेत तिचे तोंडीचे गुण वाढले. ज्ञान तेवढंच होतं, ते बाहेर यायला वाट मिळाली.

अंतर्गत १० गुणांबद्दल थोडक्यात सांगतो. वर्षातून किमान तीन अंतर्गत परीक्षा होतात आणि त्यांवरून हे गुण ठरतात. "इंटरनलच आहे, बुडाली तर बुडाली" म्हणणाऱ्या मुलाला निकालाच्या दिवशी एकेका गुणाची किंमत कळते.

ग्रेस सगळ्यांना मिळत नाही

"दोन-चार गुणांनी राहिलं तर वाढवून देतात म्हणे," हे वाक्य मी लग्नाच्या मांडवातसुद्धा ऐकलं आहे. नियम असा आहे की विद्यार्थी एकाच विषयात नापास असेल आणि बाकी सगळे विषय पास असतील, तर विद्यापीठ जास्तीत जास्त ५ गुण कृपेचे देऊ शकतं. देऊ शकतं, हे शब्द नीट ऐका.

एखाद्याला अ‍ॅनाटॉमीच्या थिअरीत ४६ आहेत आणि बाकीचे विषय सुटले आहेत. त्याला ४ गुण मिळून तो पार होऊ शकतो. दुसऱ्याला अ‍ॅनाटॉमीत ४६ आणि फिजिऑलॉजीत ४८ आहेत. एकूण सहाच गुणांची कमी, पण दोन विषय राहिल्यामुळे तो या सवलतीतच बसत नाही. या गृहस्थांच्या मुलीचा विषय एकच राहिला होता, पण ४३ मध्ये ५ मिळवून ४८ होतात. म्हणून तिलाही उपयोग नव्हता.

हजेरी: वर्षभर ९५ टक्के आणि तरीही कमी

परीक्षेला बसायलाच थिअरीत ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलमध्ये ७५ टक्के हजेरी लागते. हीदेखील दोन भांडी, आणि विषयवार. जिथं लोक फसतात तो हिशेब सांगतो.

समजा एका विषयाचं प्रॅक्टिकल दर शनिवारी आहे आणि वर्षात असे ४० शनिवार आले. मुलगा हुशार, एरवी एक दिवस खाडा करत नाही. फक्त कधी गणपतीला, कधी जत्रेला, कधी सुगीला हात द्यायला म्हणून शुक्रवारी संध्याकाळची एसटी धरून गावाला जातो. असे ११ शनिवार गेले. २४० दिवसांत ११ दिवस गैरहजर, म्हणजे एकूण हजेरी ९५ टक्क्यांच्या वर. पण त्या एका प्रॅक्टिकलची हजेरी ४० पैकी २९, म्हणजे साडेबहात्तर टक्के. तिथं तो अडकला. हॉल तिकिटाच्या वेळी वडिलांना फोन जातो तेव्हा त्यांचा विश्वासच बसत नाही, कारण मुलगा खरोखरच रोज कॉलेजला जात होता.

ज्या विषयाची परीक्षा त्या वर्षी नसते, त्याला त्या वर्षापुरती किमान ७० टक्के हजेरी चालते, मात्र परीक्षेच्या वेळी सगळी मिळून ७५ भरावी लागते. तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी हे ध्यानात ठेवावं. त्या वर्षी परीक्षा जनरल मेडिसिन, जनरल सर्जरी आणि मुखरोगशास्त्राची असते, पण सकाळचा वेळ दाताच्या ओपीडीत जातो आणि त्या विभागांची परीक्षा चौथ्या वर्षी येते. "यंदा पेपर नाही" म्हणून ओपीडी चुकवलेली पोरं चौथ्या वर्षी तूट भरून काढत बसतात.

आजारपणाचं काय, असं कुणी विचारेल. डॉक्टरचा दाखला कामाला का येत नाही ते सांगतो. आलेल्या दिवसांची संख्या त्यानं वाढत नाही. विद्यापीठाची काही सवलत असेलच, तर तिचा अर्ज त्याच आठवड्यात, लेखी आणि पोच घेऊन द्या. माझी एक तक्रार इथं नोंदवतोच. भाचीच्या कॉलेजात हजेरीची यादी फलकावर लागायची, घरी कळवलं जायचं नाही. दर महिन्याला पालकांच्या मोबाईलवर विषयवार दोन आकडे पाठवणं काही अवघड नाही. ते झालं असतं तर तिच्या वर्गातली किती घरं वाचली असती.

एक विषय राहिला, दोन राहिले

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, की वर्ष गेलं का?

वर्षातून एक मुख्य परीक्षा असते आणि तिच्या निकालानंतर सहा महिन्यांच्या आत पुरवणी परीक्षा. मुलं तिला सप्ली म्हणतात. पुढचं सगळं या दोन परीक्षांच्या पाळीवर चालतं.

मुख्य परीक्षेत एकच विषय राहिला तर विद्यार्थ्याला पुढच्या वर्गात बसू देतात. मुलांच्या भाषेत विषय कॅरी ओव्हर झाला. तो दुसऱ्या वर्षाची लेक्चरं ऐकतो, प्रॅक्टिकलं करतो आणि राहिलेला विषय सप्लीला देतो. सुटला तर मागचं मिटलं, एक दिवसही वाया गेला नाही. नाही सुटला तर मात्र अडसर येतो. मागचा विषय सुटेपर्यंत पुढच्या वर्षाच्या विद्यापीठ परीक्षेला बसता येत नाही. आपल्याकडे पतसंस्थेत असतं तसं. जुना हप्ता थकलेला असताना नव्या कर्जाचे कागद तयार करून ठेवता येतात, फाईल पूर्ण होते, पण थकबाकी भरल्याशिवाय पैसे हातात पडत नाहीत.

म्हणजे त्याच्या मित्रांनी दुसऱ्या वर्षाची मुख्य परीक्षा दिली तेव्हा हा पहिल्या वर्षाचा विषय देतो. तो सुटला की दुसऱ्या वर्षाचे पेपर पुढच्या सप्लीला. इथून तो सहा महिने मागे पडतो. अशा मुलांच्या गटाला ऑड बॅच म्हणतात.

दोन किंवा जास्त विषय राहिले तर वर्ग बदलत नाही. आधी सप्लीला ते सोडवायचे, मगच दुसरं वर्ष सुरू. सप्लीला सगळे सुटले तरी सुरुवातच सहा महिन्यांनी होते, म्हणून तोही ऑड बॅचमध्ये. माझी भाची अशीच गेली. दोन विषय राहिले होते. त्यापेक्षा वाईट हे झालं की तिनं चार महिने घरी सांगितलंच नाही. रोज डबा घेऊन निघायची, लायब्ररीत बसायची, आणि अभ्यास कमी, रडणं जास्त. बहिणीला कळलं तेव्हा सप्ली तोंडावर आली होती. वर्ष गेलं नव्हतं, सहा महिने गेले होते. हे पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर तिनं लपवलंच नसतं, असं ती आज स्वतः म्हणते.

सहा महिन्यांची किंमत पुढे एका ठिकाणी मोजावी लागते. एमडीएसच्या, म्हणजे बीडीएसनंतरच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या, प्रवेश परीक्षेला इंटर्नशिप एका ठरावीक तारखेपर्यंत पूर्ण असावी लागते. ऑड बॅचची इंटर्नशिप त्या तारखेनंतर संपली तर सहा महिन्यांचे एक वर्ष होतं. ज्याला पुढे शिकायचं आहे त्यानं हे आधीच धरून चालावं. ज्याला गावात दवाखाना टाकायचा आहे त्याला याचा फारसा त्रास नाही.

शेवटच्या वर्षाला कॅरी ओव्हर हा प्रकारच उरत नाही, कारण पुढे वर्ग नाही. तिथं आठ विषय असतात, आणि आठही सुटल्याशिवाय इंटर्नशिप सुरू होत नाही. पहिल्या वर्षाला तीन विषय आणि चौथ्याला आठ, हा चढ मुलांनी तिसऱ्या वर्षातच ओळखावा.

भिंतीवर लिहून ठेवायच्या दोन तारखा

आतापर्यंतच्या सगळ्या नियमांत पुन्हा एक संधी आहे. हे दोन नियम तसे नाहीत.

पहिल्या वर्षाचे सगळे विषय प्रवेशाच्या तारखेपासून तीन वर्षांत सुटले नाहीत, तर विद्यार्थ्याला अभ्यासक्रमातून काढून टाकतात. आणि संपूर्ण बीडीएस, इंटर्नशिपचं एक वर्ष धरून, प्रवेशापासून नऊ वर्षांत पूर्ण करावं लागतं.

मोजणी प्रवेशाच्या तारखेपासून होते, वर्ग कधी सुरू झाले किंवा पहिली परीक्षा कधी झाली याच्याशी तिचा संबंध नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रवेश घेतला असेल तर पहिल्या वर्षाची हद्द ऑक्टोबर २०२७, आणि सगळ्याची हद्द ऑक्टोबर २०३३. तीन वर्षं ऐकायला पुष्कळ वाटतात. पण मुख्य आणि सप्ली मिळून त्यात चार-पाचच संधी बसतात. हजेरी कमी म्हणून एक बुडाली, आजारपणात दुसरी गेली, की हातात काय उरतं ते बोटावर मोजता येतं. संधी संपत आली असताना "पुढच्या वेळी नीट तयारी करून बसेन" म्हणत फॉर्मच न भरणं ही मी पाहिलेली सर्वांत महागडी चूक आहे.

"एका विषयासाठी एवढं अडवायचं कशाला?"

गृहस्थांनीही हे विचारलंच. "पोरगी दात काढायला शिकणार. त्याला सगळ्या अंगाची हाडं कशाला पाठ पाहिजेत?"

त्यांच्या स्वतःच्या अक्कलदाढेची गोष्ट मला माहीत होती. तिथूनच सांगितलं. खालची दाढ काढताना भूल देतात ती दाढेला देत नाहीत. जबड्याच्या हाडात शिरणारी एक नस आहे, ती आत शिरते त्या जागेजवळ सुईनं औषध सोडतात. सुई नेमकी किती आत आणि कोणत्या बाजूला न्यायची हे डोळ्यांना दिसत नाही, ते अ‍ॅनाटॉमी सांगते. तीच नस पुढे खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते. अक्कलदाढेचं मूळ तिच्याजवळ असतं आणि जिभेची नसही तिथून लांब नाही. धक्का लागला तर ओठ किंवा जीभ कित्येक महिने बधिर राहू शकते. दुसऱ्या वर्षातल्या औषधशास्त्राचंही तेच. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेला म्हातारा दात काढायला खुर्चीत बसला, तर ती गोळी काय करते हे समोरच्याला माहीत असावंच लागतं.

विषयांचा क्रम म्हणूनच आहे. आधी हाडं आणि नसा, मग औषधं आणि नमुन्यावर हाताचा सराव, मग माणूस. तिसऱ्या वर्षी आपल्याच गावची एखादी मावशी ओपीडीत तोंड उघडून बसते, तेव्हा तिनं विद्यार्थ्याचं मार्क्सकार्ड मागितलेलं नसतं. तिच्या वतीनं ते आधी बघून घेण्याचं काम हे नियम करतात. अडवण्याचा मलाही त्रास झाला आहे, तरी हा नियम मला योग्य वाटतो. त्यासोबत मुलांना आधार देणारी शिकवणी कॉलेजांनी ठेवली पाहिजे, हेही तितकंच वाटतं.

"पेपर तिकडे तपासतात, आपल्या मुलांवर अन्याय होत असेल"

सीमाभागात हा संशय मनात येतो, तो खोटा म्हणून झटकण्यात अर्थ नाही. आपण इथं भाषेपायी खूप सोसलं आहे. पण लेखी पेपरात तसं व्हायला वाव फार कमी आहे. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, नंबर असतो, आणि उत्तर सगळ्यांचं इंग्रजीतच असतं. तोंडी आणि प्रॅक्टिकलला कॉलेजचा परीक्षक आणि बाहेरून आलेला परीक्षक, असे दोघे असतात. आपल्या मुलांचं पारडं हलकं होतं ते आधी सांगितलं त्या ठिकाणी, इंग्रजीत बोलण्याच्या सवयीत. तिथं मेहनत केली तर फरक पडतो.

शंका राहिलीच तर लेखी पेपराची फेरतपासणी मागता येते. फी भरून अर्ज केला की किमान दोन परीक्षक पेपर पुन्हा तपासतात आणि त्यांच्या गुणांची सरासरी धरतात. मात्र ज्या विद्यापीठात पेपर मुळातच दोनदा तपासला जातो तिथं ही सोय लागू नाही. आपलं विद्यापीठ कोणत्या गटात येतं ते कॉलेजच्या ऑफिसात विचारा, आणि फेरतपासणीची वाट बघत सप्लीचा फॉर्म चुकवू नका.

"कोल्हापूरला बदलून घेऊ का?"

मामाचं घर तिकडे आहे, भाषा आपली आहे, मग बदली करून घेऊ, असं बऱ्याच पालकांना वाटतं. बीडीएसमध्ये कॉलेज बदलणं हा विद्यार्थ्याचा हक्क मानलेला नाही. पहिलं वर्ष पास झाल्यावर, निकालापासून एका महिन्यात अर्ज, आणि तोही पालनकर्त्याचा मृत्यू किंवा अपंगत्व आणणारा आजार अशा अगदी कठीण कारणासाठी. जाता येतं फक्त दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला. नियमावलीत निर्णय डीसीआयकडे दिला आहे, दोन कॉलेजांनी आपसांत ठरवून होत नाही. विषय राहिला म्हणून बदली, ही वाट बंदच आहे. "तेवढं करून देतो" म्हणणारा कुणी भेटला तर पैसे देऊ नका.

पुढे काय बदलणार?

२०२३च्या ऑगस्टमध्ये संसदेनं राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा केला. १९४८च्या कायद्याची आणि डीसीआयची जागा आयोगानं घ्यावी, असा त्याचा हेतू आहे. त्यात शेवटच्या वर्षासाठी देशभर एकच बाहेर पडण्याची परीक्षा सांगितली आहे, दंत क्षेत्रातली नेक्स्ट. दवाखाना चालवण्याचा परवाना तिच्यावर ठरेल आणि एमडीएसचा प्रवेशही. म्हणजे बेंगळूर, नाशिक आणि गोवा इथली मुलं शेवटी एकाच प्रश्नपत्रिकेसमोर येतील. त्याआधी २०२२ मध्ये सत्र पद्धतीचा एक मसुदाही निघाला होता. तो तसाच आला तर सहा महिन्यांचं हे सगळं गणित पुन्हा मांडावं लागेल. आज पहिल्या-दुसऱ्या वर्षात असलेल्या घरांनी नव्या अधिसूचनेवर लक्ष ठेवावं आणि ती आपल्या प्रवेशाच्या वर्षाला लागू आहे का, ही ओळ आधी शोधावी.

त्या दिवशी मी गृहस्थांना एका कागदावर चार गोष्टी मराठीत लिहून दिल्या. मुलीच्या प्रवेशाची तारीख आणि तिच्यापुढे तीन वर्षांनंतरची तारीख. सप्लीच्या फॉर्मचा शेवटचा दिवस. थिअरीत अजून लागणारे गुण, सात. आणि दुसऱ्या वर्षाच्या वर्गात उद्यापासून बसायचं आहे, ही गोष्ट सगळ्यात वर. ते चमकले. निकाल बघून मुलीनं आदल्या दिवशीच बॅग भरून घर गाठलं होतं. आपला वर्ग सुटला अशीच तिची समजूत होती.

त्यांनी तिथूनच फोन लावला. "अगं, तुझा दुसऱ्या वर्षाचा वर्ग सुरू झाला म्हणे सोमवारी. सर सांगताहेत. हाडांची पेटी कुठं ठेवलीस? ती पण घेऊन चल." पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग तिनं एवढंच विचारलं, की खानापूरहून बेळगावची सकाळची पहिली गाडी किती वाजता आहे.